पाण्यात उतरण्याची वाट

महापालिकेच्या बहुतेक जलतरण तलावांत पाण्यात उतरण्याचा एकच मार्ग असतो, तो म्हणजे काठाला उभी ठोकलेली स्टीलची शिडी. तिच्या पायऱ्या अरुंद असतात, दोन पायऱ्यांमधले अंतर मोठ्या माणसाच्या हिशेबाने ठेवलेले असते आणि उतरताना तोंड भिंतीकडे व पाठ पाण्याकडे करावी लागते. ज्या मुलाचे पाय गुडघ्यांत एकमेकांवर कात्रीसारखे ताठरतात, ज्याला कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी) काढल्यावर उभे राहता येत नाही किंवा ज्याची पकड दांड्यावर टिकत नाही, त्याच्यासाठी ही शिडी असून नसल्यासारखी आहे. अशा मुलाला आई किंवा वडील उचलून, ओल्या फरशीवरून जपून चालत काठावर बसवतात आणि पाण्यात उभ्या असलेल्या कोणाच्या तरी हाती देतात. मूल पाच-सहा वर्षांचे असेपर्यंत हे जमते. ते अकरा-बारा वर्षांचे झाले, वजन तीस किलोच्या पुढे गेले, की आईची कंबर आणि ती निसरडी फरशी या दोन्हींच्या धास्तीने पाण्यात जाणेच बंद होते. नेमक्या याच वयात हाडे भराभर वाढतात, ताठर स्नायू त्या गतीने लांबत नाहीत, गुडघे वाकलेलेच राहू लागतात आणि व्यायामाची गरज सर्वाधिक असते.

शारीरिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पाण्यातील व्यायामाचा विषय आपल्याकडे निघतो तो बहुधा उपचार म्हणून. ‘हायड्रोथेरपी’ असे भारदस्त नाव घेतले, की तो एखाद्या मोठ्या रुग्णालयाचा, खासगी पुनर्वसन केंद्राचा, दर बैठकीला पैसे मोजू शकणाऱ्या घरांचा विषय होऊन जातो आणि महापालिका, नगरपालिका, क्रीडा संकुल यांची त्यातून आपोआप सुटका होते. माझे म्हणणे याच्या उलट आहे. सार्वजनिक पैशातून बांधलेला आणि सार्वजनिक पैशातून चालवलेला तलाव कोणासाठी आहे, असा हा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर त्या तलावाच्या काठावरच द्यावे लागेल. नवी, चकचकीत उपचार केंद्रे उभारण्याच्या घोषणा करण्याआधी आहेत त्या तलावांत या मुलांना आठवड्यातून दोन-तीन वेळा सुरक्षितपणे उतरता येईल एवढी व्यवस्था झाली पाहिजे.

पाणी नेमके काय करते हे आधी पाहू, कारण त्याबद्दल अतिशयोक्तीही फार होते. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले की पायांवर शरीराचे सुमारे निम्मे वजन येते, छातीइतक्या पाण्यात साधारण एक तृतीयांश आणि मानेइतक्या पाण्यात जेमतेम एक दशांश. म्हणजे २४ किलोचे मूल छातीभर पाण्यात उभे असते तेव्हा त्याच्या पायांना ८ किलोच्या आसपासच भार पेलायचा असतो. जमिनीवर दोघांनी धरल्याखेरीज पाऊल न टाकणारे मूल इथे एका हाताच्या आधाराने चार पावले टाकते, यामागचे गणित एवढेच आहे. त्यात चमत्कार शोधू नये. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन असल्यामुळे हातपाय हलवताना सगळ्या बाजूंनी विरोध होतो, पण तो मूल जेवढा जोर लावील तेवढ्याच बेताचा असतो. हळू हलवले तर कमी, झपकन हलवले तर जास्त. पडण्याचेही तसेच आहे. जमिनीवर तोल गेला की मूल क्षणात आदळते. पाण्यात ते सावकाश कलते आणि सावरायला त्याला थोडा अवधी मिळतो. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवरचा ताबा बिघडणे) असलेल्या मुलाच्या मेंदूला ‘सावर’ हा हुकूम स्नायूंपर्यंत पोचवायला जो जास्तीचा वेळ लागतो, तो वेळ त्याला जमिनीवर कधीच मिळत नाही. पाण्यात मिळतो, म्हणून तो तिथे तोल सांभाळण्याचा सराव करू शकतो.

प्रत्येक मुलाला पाणी सारखेच मानवते, असे मात्र नाही. पाण्याचा दाब छातीवरही पडतो. बहुतेक मुलांना श्वास सोडताना त्याची मदत होते आणि आत घेताना थोडे कष्ट पडतात, तोही एक व्यायामच. पण ड्युशेन स्नायुदुर्बलतेच्या, म्हणजे स्नायू हळूहळू क्षीण होत जाणाऱ्या आजाराच्या, पुढच्या अवस्थेत, जेव्हा श्वसनाचे स्नायूच थकलेले असतात, तेव्हा मानेपर्यंतचे पाणी त्रासदायक ठरू शकते आणि व्यायाम कमरेइतक्या पाण्यात, दमणूक होणार नाही अशा बेताने करावा लागतो. पाठीच्या कण्यातील जन्मजात दोषामुळे, म्हणजे स्पायना बिफिडामुळे, ज्यांच्या पायांना संवेदना नसते, त्यांचे तळवे तलावाच्या खरखरीत तळावर घासून सोलले जातात आणि बाहेर आल्यावर रक्त दिसेपर्यंत मुलाला ते कळतही नाही. पाण्यात घालायचे मऊ मोजे किंवा कापडी बूट घालायला देणे हा त्यावरचा उपाय. पण ‘तलावात पादत्राणे आणू नयेत’ हा फलक तो उपायही अडवतो. जखम उघडी असेल, ताप किंवा जुलाब असतील, गळ्याला श्वासासाठी छिद्र केलेले असेल, तर पाण्यात उतरण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यायलाच हवा.

हे गुणधर्म पद्धतशीर वापरून शिकवण्याची रीत आता पाऊणशे वर्षांची झाली आहे. जेम्स मॅकमिलन या अभियंत्याने १९४९ साली लंडनमधील हॅलिविक नावाच्या अपंग मुलींच्या शाळेत ती सुरू केली आणि शाळेचेच नाव तिला पडले. तिच्यात दहा टप्पे आहेत आणि पोहण्याचा हात शिकवणे हा त्यांतला अगदी शेवटचा. सुरुवात होते ती पाण्याशी ओळख करून घेण्यापासून: पाण्यावर फुंकर मारणे, ओठ पाण्याखाली नेऊन बुडबुडे काढणे, चेहरा भिजला तरी न घाबरणे. मग उभ्याचे उताणे होणे आणि उताण्याचे पुन्हा उभे होणे, मग कुशीवर वळून परत तोंड वर आणणे. एका अंगाने ताठरलेले मूल उताणे तरंगू लागले की आपोआप एका बाजूला कलंडू लागते. शिकवणारी व्यक्ती त्याच्या कंबरेच्या खाली हाताचे तळवे सपाट धरते, पकडत नाही, आणि त्याला मान विरुद्ध बाजूस वळवायला सांगते. मान वळते, पाठोपाठ खांदा येतो आणि कलंडणे थांबते. मग तळवे बोटभर खाली जातात, पुन्हा बोटभर, आणि एका क्षणी खाली कोणाचाच हात नसतो, हे मुलाला सांगावेही लागत नाही.

या पद्धतीत दंडाला फुगे किंवा कमरेला तरंगणारे पट्टे बांधत नाहीत, कारण त्यांच्यामुळे मूल तरंगते खरे, पण वळायला आणि सावरायला शिकत नाही. पाठीला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून विहिरीत लोटण्याची आपली परंपरा पाहता हे चमत्कारिक वाटेल. पण विहिरीत शिकलेल्या धडधाकट पोराचा डबा आठवडाभरात सुटतो, या मुलांचा तो सुटता सुटत नाही. म्हणूनच एका मुलामागे पाण्यात एक माणूस हे प्रमाण इथे टाळता येत नाही, आणि माझ्या दृष्टीने या साऱ्या विषयातला सर्वांत अवघड भाग तोच आहे. लिफ्ट विकत घेता येते, माणूस उभा करावा लागतो.

आता पुराव्याचा मुद्दा. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांवर पाण्यातील व्यायामाचा परिणाम तपासणारे अभ्यास झाले आहेत आणि त्यांतल्या अनेकांत बसणे, उभे राहणे, चालणे यांसारख्या हालचालींत सुधारणा दिसली आहे. परंतु हे अभ्यास लहान आहेत, त्यांतील मुलांची संख्या थोडी, व्यायामाच्या पद्धती भिन्न आणि सुधारणा पुढे किती टिकते याची माहिती अपुरी. मेंदूला झालेली मूळ इजा पाण्याने भरून येत नाही, हे तर निर्विवाद आहे. ‘दहा सेशनमध्ये मूल चालू लागेल’ अशी आशा विकणारे कोणी भेटले, तर पालकांनी तिथून उठून यावे.

मग पुरावा एवढा कच्चा असताना सार्वजनिक पैसा का घालायचा, असे विचारले जाते. हा प्रश्न विचारणाऱ्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीतील कोणत्याही तलावाची संध्याकाळची बॅच पाहावी. शंभरभर मुले तिथे उड्या मारत असतात. त्यांच्यातील एकालाही कोणी विचारत नाही, की बाळा, पाण्यात उतरल्याने तुझ्या हालचालींत किती टक्के सुधारणा झाली, त्याचा अहवाल आण. ती मुले मजेसाठी येतात आणि मजा हे कारण त्यांच्या बाबतीत पुरेसे मानले जाते. ज्या मुलाला मैदानावर धावता येत नाही, गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ज्याच्या वाट्याला कायम धावा मोजण्याचे काम येते, त्यालाच तेवढे आधी फायदा सिद्ध करून दाखव असे म्हणायचे, हा दुजाभाव आहे. पाण्यात त्या मुलाचा घाम निघतो, हृदयाचे ठोके वाढतात, भूक लागते, रात्री गाढ झोप लागते. इतर मुलांना हे खेळातून फुकट मिळते आणि त्याला एरवी ते मिळण्याची जागाच नसते. पुढे संशोधनाने आणखी काही सिद्ध झाले तर चांगलेच आहे. दार उघडण्यासाठी त्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

कायद्याने तर ही वाट केव्हाच संपवली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराच्या ३० व्या कलमात खेळ, करमणूक आणि क्रीडा यांत अपंग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीने सहभागी होता यावे असे स्पष्ट म्हटले आहे, आणि भारताने २००७ साली तो करार मान्य केला. त्यातून आलेल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचे ३० वे कलमही क्रीडा सुविधांची फेररचना करण्याचे कर्तव्य शासनावर टाकते. सार्वजनिक इमारतीच्या त्या कायद्यातील व्याख्येत करमणुकीच्या जागा येतात, आणि अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम जाहीर झाल्यापासून ५ वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये जाहीर झाले. म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात, सुगमतेचे निकष केवळ शिफारशींच्या स्वरूपात ठेवणारा नियमच मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष तयार करण्यास केंद्र सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली. एवढे होऊनही तलावांच्या नूतनीकरणाच्या निविदांत नव्या फरशा, नवी गाळण यंत्रणा, प्रवेशद्वाराची कमान हे सगळे सापडते, पण चाकाची खुर्ची पाण्याच्या काठापर्यंत आणि तिच्यातले मूल पाण्यापर्यंत कसे जाणार, याबद्दल एक ओळही सहसा नसते. प्रवेशद्वाराशी बांधलेला रॅम्प दाखवून ‘सुविधा आहे’ असे उत्तर दिले जाते. तो रॅम्प तिकीट खिडकीपर्यंत नेतो.

अमेरिकेत २०१० च्या सुगमता निकषांनी मोठ्या सार्वजनिक तलावांना पाण्यात उतरण्याचे दोन सुगम मार्ग आणि त्यांतला एक उताराचा किंवा लिफ्टचा असणे बंधनकारक केले. आपल्याकडे जुन्या तलावांत उतार बांधणे सोपे नाही हे मान्य करायला हवे: एकास बारा या प्रमाणाने १ मीटर खोलीपर्यंत जायचे तर १२ मीटर लांबीचा उतार लागतो आणि तो तलावाची एक बाजू खाऊन टाकतो. पण काठावर बसवायची, हाताने किंवा बॅटरीवर चालणारी खुर्ची-लिफ्ट जुन्या तलावालाही चालते. उथळ टाकीला रुंद, बुटक्या पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना कठडे केले, तर बरीच मुले बसत बसत स्वतःच पाण्यात उतरतात, आणि स्वतः उतरण्याचे मोल मुलाला विचारावे. जिथे पाणी चार फुटांपेक्षा कमी नाही, तिथे तळावर ठेवायचा मजबूत मंच वापरून एका कोपऱ्यात खोली कमी करता येते. कपडे बदलायच्या खोलीत मुलाला आडवे करता येईल असा एक लांब, रुंद बाक हवा. बारा वर्षांच्या मुलाचे ओले कपडे फरशीवर टॉवेल अंथरून बदलावे लागणे, आणि तेही इतर लोक ओलांडून जात असताना, हा अनुभव घेतलेले कुटुंब पुन्हा तलावाकडे फिरकत नाही.

पाण्याच्या तापमानाचा प्रश्न खर्चाचा म्हणून पुढे केला जातो. स्पर्धेच्या तलावाचे पाणी साधारण २५ ते २८ अंश सेल्सिअस असते; या मुलांच्या व्यायामाला ३२ ते ३४ अंशांचे पाणी चांगले. पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते, आणि अंगावर मांस नसलेले, फारशी हालचाल न करणारे मूल थंड पाण्यात दहा मिनिटांत कुडकुडू लागते. गारठ्याने ताठर स्नायू आणखी ताठरतात, म्हणजे व्यायामाचा मूळ हेतूच फसतो. पोलिओ झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट १९२४ पासून जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्जला वारंवार जात राहिले, ते तिथल्या सुमारे ३१ अंशांच्या नैसर्गिक पाण्यासाठी. (आपल्याकडेही वज्रेश्वरीपासून उन्हवरेपर्यंत गरम पाण्याची कुंडे आहेत, पण ते कढत पाणी घटकाभर अंग शेकायला ठीक, त्यात व्यायाम करता येत नाही.) डिसेंबरच्या सकाळी सहाच्या बॅचला पुण्या-नाशिकच्या तलावात अशा मुलाला उतरवणे क्रूरपणाच ठरेल. परंतु तलावांचे वेळापत्रक पाहा. सकाळच्या बॅचेस संपल्या की दुपारी कित्येक तास तलाव रिकामा असतो, आणि दिवसातले सर्वांत उबदार पाणी नेमके दुपारीच असते. वर्षातले निदान सहा-सात महिने, विशेषतः कोकणात, विदर्भात आणि मराठवाड्यात, उथळ टाकीचे दुपारचे पाणी एक पैसाही न खर्चता कामापुरते कोमट मिळू शकते. वर सावलीसाठी जाळी हवी एवढेच. थंडीच्या दिवसांसाठी सौर यंत्रणा आणि रात्री पाण्यावर अंथरायचे आच्छादन उपयोगी पडते, कारण तलावाची सर्वाधिक उष्णता बाष्पीभवनाने जाते.

पाणीटंचाईचे काय, असा प्रश्न मराठवाड्यातून येणारच आणि तो यायलाही हवा. ऑलिम्पिक मापाचा, ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि २ मीटर खोल तलाव भरायला २५ लाख लिटर पाणी लागते. या मुलांना लागणारी ८ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि १ मीटर खोल टाकी ४० हजार लिटरमध्ये भरते, म्हणजे १० हजार लिटरचे चार टँकर, आणि तेच पाणी गाळून, निर्जंतुक करून पुन्हा पुन्हा वापरले जाते. तरीही ज्या गावात प्यायला टँकर लागतो तिथे टाकी बांधा असे मी म्हणणार नाही. जिथे तलाव बांधून, भरून, इतरांसाठी चालू आहे, तिथल्यापुरताच माझा आग्रह आहे.

अडचणींची यादी करताना लोक लिफ्ट आणि गरम पाणी यांवर थांबतात. प्रत्यक्षात मुलांना काठावर अडवणारे नियम याहून साधे असतात. महिलांची बॅच वेगळी आणि पुरुषांची वेगळी, ही आपल्याकडची सर्रास व्यवस्था. सेरेब्रल पाल्सी असलेल्या तेरा वर्षांच्या मुलाला पाण्यात धरायला त्याची आई येते, कारण वडील कामावर असतात. महिलांच्या बॅचमध्ये मुलाला प्रवेश नाही, पुरुषांच्या बॅचमध्ये आईला नाही. झाले, विषय संपला. मग पोशाखाचा नियम. नायलॉनचा पोहण्याचा पोशाख सक्तीचा असतो, आणि आयुष्यात कधी तसा पोशाख न घातलेली, चाळीशीची, चार लोकांत वावरायला आधीच संकोचणारी बाई त्या एका अटीपायी काठावरच राहते. सुती कपड्यांचे धागे गाळण यंत्रणेत अडकतात, हे कारण खरे आहे. पण अंगभर नायलॉनचे कपडे चालतील एवढे लिहिले, तर यंत्रणेलाही धक्का लागत नाही आणि आईही पाण्यात येते. प्रवेश अर्जातला वैद्यकीय दाखला हा तिसरा अडसर. ‘अर्जदारास कोणताही आजार किंवा व्यंग नाही’ अशा धाटणीच्या छापील मजकुरावर कोणता डॉक्टर सही करणार? त्याऐवजी मुलाची स्थिती काय, कोणती काळजी घ्यावी आणि सोबत कोण असावे, हे विचारणारा अर्ज असेल तर तो दाखला उपयोगाचा ठरेल.

इतर पोहणाऱ्यांची तक्रार असते स्वच्छतेची. ही मुले पाण्यात घाण करतील, ही भीती उघड बोलली जात नाही, पण व्यवस्थापकांच्या कानावर घातली जाते. लघवी-शौचावर ताबा नसलेल्या मुलांसाठी पाण्यात घालायच्या घट्ट चड्ड्या मिळतात, आणि ज्यांना नळीने लघवी काढावी लागते ती मुले वेळेच्या बाबतीत तुम्हा-आम्हांपेक्षा काटेकोर असतात. तलावाची स्वच्छता राखते ते पाण्यातील क्लोरीनचे योग्य प्रमाण आणि चालू स्थितीतली गाळण यंत्रणा. रोजच्या तपासणीचे आकडे दर्शनी फलकावर लिहायला लावले, तर सगळ्यांचेच भले होईल.

धोक्याचा मुद्दा मात्र झटकून टाकण्याजोगा नाही. सेरेब्रल पाल्सीच्या बऱ्याच मुलांना फिट येतात. फिट औषधांनी आटोक्यात असतील तर त्यांना पाण्यापासून तोडण्याचे कारण नाही, मात्र त्या मुलावरून नजर न हटवणारा एक माणूस हाताच्या अंतरावर हवाच. पाण्यात फिट आली तर मुलाचे तोंड पाण्याबाहेर धरून ठेवायचे, झटके थांबेपर्यंत काठावर ओढण्याची घाई करायची नाही आणि थांबल्यावर बाहेर घेऊन वैद्यकीय मदत बोलवायची, एवढे प्रत्येक जीवरक्षकाला माहीत असले पाहिजे. आज त्यांच्या प्रशिक्षणाचा भर बुडणाऱ्याला वाचवण्यावर असतो, आणि शांतपणे, हातपाय न मारता पाण्याखाली जाणारे मूल त्या नजरेतून सुटू शकते. अपघाताची भीती दाखवून प्रवेश नाकारणे सोपे आहे. पण त्याच भीतीचा उपयोग प्रशिक्षण सक्तीचे करण्यासाठीही होऊ शकतो.

माणसे कुठून आणायची, हे मघाशी अर्धवट सोडलेले उत्तर. राज्यात फिजिओथेरपीची महाविद्यालये आहेत, त्यांचे विद्यार्थी अंतर्वासितेच्या काळात रुग्णालयांत काम करतात. त्यातला काही काळ महापालिकेच्या तलावावर, अनुभवी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली लावता येईल, आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने मनावर घेतले तर तो अभ्यासक्रमाचाच भाग होईल. शारीरिक शिक्षण महाविद्यालयांचे विद्यार्थी, निवृत्त जलतरणपटू यांनाही यात घेता येईल. कमरेइतक्या पाण्यात मूल धरायला उत्तम पोहता येण्यापेक्षा धरण्याची रीत ठाऊक असणे महत्त्वाचे असते. आणि आईवडील तर आहेतच. पण आईलाच कायमची फुकट मदतनीस गृहीत धरून योजना आखू नये. घरी उचलणे, भरवणे, आंघोळ, शाळा हे सगळे तीच करत असते आणि तलावावरचा तासभर तिला कधी काठावर नुसते बसता आले तर तेही योजनेचे यशच समजावे.

या विषयावर बोलताना कोणी तरी मुरलीकांत पेटकरांचे नाव घेतोच. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेल्या सांगली जिल्ह्यातील या जवानाने १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकले. भारताचे ते पहिले वैयक्तिक पॅरालिम्पिक सुवर्ण. करमाळ्याचे सुयश जाधव विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गमावूनही आशियाई पॅरा स्पर्धांत पदके मिळवून आले. बंगळुरूचे निरंजन मुकुंदन स्पायना बिफिडावरचा व्यायाम म्हणून पाण्यात उतरले आणि आंतरराष्ट्रीय जलतरणपटू झाले. या सगळ्यांविषयी आदर आहेच, पण त्यांच्या कथा आपण ‘जिद्द’ या एका शब्दात गुंडाळतो, याला माझा आक्षेप आहे. पेटकरांच्या मागे सैन्याची रुग्णालये आणि पुनर्वसनाची यंत्रणा होती, पाण्यात उतरवणारे कोणी तरी होते. कोणाच्याही जिद्दीला आधी पाण्यापर्यंत पोचावे लागते. शिवाय ज्या मुलाला पदक कधीच मिळणार नाही, ज्याचे डोके आयुष्यभर दुसऱ्याच्या खांद्यावर टेकवूनच पाण्यात तरंगायचे आहे, त्याचाही तलावावर तेवढाच हक्क आहे, हे पदकांच्या गोष्टी सांगताना निसटून जाते.

पैशांची सबब महाराष्ट्रात तरी फारशी टिकत नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा, असा राज्य शासनाचा आदेश आहे. तो अनेक ठिकाणी पूर्ण खर्च होत नाही, आणि होतो तेव्हा बहुतांशी वस्तुवाटपात जातो. कारण तीनचाकी सायकलीच्या चाव्या देतानाचा फोटो निघतो, तलावाच्या काठावर बसवलेल्या कठड्याचा निघत नाही. वाटप बंद करावे असे मुळीच नाही. पण एकदा बसवलेली खुर्ची-लिफ्ट शेकडो मुलांना वर्षानुवर्षे उपयोगी पडते आणि म्हाताऱ्या, गुडघे धरलेल्या नागरिकांनाही. महापालिकांची अंदाजपत्रके फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मांडली जातात. त्याआधी, हिवाळ्यातच, पालकांच्या गटांनी आणि विशेष शाळांनी एका तलावापुरती नेमकी मागणी लेखी द्यावी: एक लिफ्ट, उथळ टाकीला कठड्याच्या पायऱ्या, कपडे बदलायचा बाक, जीवरक्षकांचे प्रशिक्षण, दोन फिजिओथेरपिस्टचे मानधन आणि आठवड्यातील तीन दुपारी. बॅचचा, पोशाखाचा आणि दाखल्याचा नियम बदलायला तर अंदाजपत्रकाचीही गरज नाही; आयुक्तांच्या एका परिपत्रकाने तो येत्या उन्हाळ्याच्या आत बदलू शकतो. माझ्या मते पहिला अर्ज त्यासाठीच करावा. लिफ्टची निविदा निघून ती प्रत्यक्ष बसायला वर्ष जाईल. तोवर निदान ज्यांना उचलून नेता येते ती मुले आईसोबत उथळ टाकीत उतरू लागलेली असतील.